जेम्याची नवविधा भक्ती

भक्त कसा घडतो आणि पुढं त्याचं काय होतं, हे आमच्या भागाला बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नाही. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तलवाड्याच्या टेकडीवर त्वरितादेवी आहे. उत्तरेला गोदावरी ओलांडली की जालना जिल्ह्यात जांब. तिथं १६०८ साली समर्थ रामदास जन्मले आणि त्यांनी दासबोधाचा चौथा दशक नवविधा भक्तीवर खर्ची घातला. श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत एकेका भक्तीला एकेक समास, आणि नऊ समास संपले की दहाव्यात मुक्ती. सगळी सोय लावून दिलेली आहे. फक्त देवानंच मध्येच एकदा केस कापले, पुढं भक्तांची यादी करून गाणी चोरल्याचा आळ घेतला आणि नंतर आपसातली भांडणं मिटवायला महिन्याला चाळीस हजार डॉलर देऊन एक माणूस ठेवला, तर भक्तानं कुणाकडं बघावं, हे तेवढं समर्थांकडून राहून गेलं. नेमकी हीच अडचण आमच्या जेम्याला आली.

जेम्या हे पाळण्यातलं नाव नव्हे. मेटॅलिका या अमेरिकन बँडचा गायक जेम्स हेटफिल्ड. त्याचं नाव ऊठसूट घेतो म्हणून गावानं ह्याला जेम्या केलं. आमच्याकडं टोपणनावाच्या विरोधात अपील चालत नाही. आज त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, दोन लेकरं आहेत, पुढून टक्कल आहे, आणि पावतीबुक सोडलं तर सगळीकडं तो अजून जेम्याच आहे.

त्याचं श्रवण १९९५ च्या आसपास सुरू झालं, तेव्हाच्या औरंगाबादला, डिप्लोमाच्या होस्टेलवर. खोलीत एक पुण्याचा मुलगा होता. त्याच्याजवळ मेटॅलिकाचा १९९१ चा अल्बम होता. वेष्टन सगळं काळंभोर, नीट निरखलं तर खाली कोपऱ्यात वेटोळं घातलेला साप. शेतकऱ्याचं पोरगं साप दिसला की आधी मागं सरकतं. हे पुढं सरकलं. पुण्याच्या मुलानं मूळ कॅसेट घरी न्यायला अर्थातच नकार दिला, पण डबल कॅसेटच्या टेपवर कॉपी करून द्यायला तयार झाला. अल्बम बासष्ट मिनिटांहून जरा मोठा आणि जेम्यानं आणलेली कोरी कॅसेट साठ मिनिटांची. त्यामुळं दोन्ही बाजूंची शेवटची गाणी बोलता बोलता मान टाकायची. जेम्याला वाटलं, हीच तर कला. सुट्टीत गावी आला की ती जागा तो आम्हाला मुद्दाम ऐकवायचा. “बघ कसं तोडलंय! हिंदी गाण्यात हाय का हिंमत?” आमच्याकडं उत्तर नसायचं. त्या काळातली हिंदी गाणी तर तीन अंतरे झाले तरी उठायचं नाव घेत नसत.

गावात दुसरी भानगड होती. वीज असायची त्याहून नसायची जास्त, म्हणून टेप सेलवर. सेल नवे असेपर्यंत ठीक. उतरायला लागले की कॅसेट रेंगाळायची, हेटफिल्डचा आवाज जाड होत होत पार जमिनीखाली जायचा आणि ड्रमच्या दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस तंबाखू मळून घेई. मग सेल काढायचे, दातानं चावायचे, माळवदावर उन्हात ठेवायचे आणि पुन्हा घालायचे. चार ओळी ताठ मानेनं, की पुन्हा लोळण. आम्ही गावातल्या पोरांनी हे संगीत मुख्यतः याच अवस्थेत ऐकलं. त्याला हेवी का म्हणतात हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पुढं गेवराईच्या एका दुकानात आमच्यातल्या एकाच्या कानावर तेच गाणं पडलं, विजेवर, भरवेगात. त्यानं दुकानदाराला सरळ सांगितलं, “ह्ये घाईत वाजवलंय. वरिजनल आमच्या गावात हाय.”

गावातल्या जाणकारांचं मतही घेतलं होतं. आमच्या इथं वाद्याचं अडाणी कुणी नाही. नवरात्रात संबळ, आराध्यांची गाणी, लग्नात हलगी, कानाला सवय सगळी. एका जुन्या हलगीवाल्याला जेम्यानं पारावर बसवून ड्रम ऐकवला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं, बोटं मांडीवर चालवली आणि निकाल दिला. “पोरगं तयारीचं हाय. पर मयत हाय का लगीन हाय, ते कळंना.” मी पुढं या विषयावर बरंच काही वाचलं, पण मेटॅलिकाच्या ड्रमरची, लार्स उलरिकची, याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात आली नाही.

आता वंदनभक्ती. पोथीच्या क्रमानं ती सहावी, पण जेम्यानं मधल्या सोडून थेट तिच्यावर उडी घेतली. होस्टेलवर त्यानं केस वाढवले, खांद्याखाली येईपर्यंत. मेटलच्या पंथात वंदन म्हणजे केस मोकळे सोडून मान कमरेपासून वर-खाली आपटायची. हे औरंगाबादच्या खोलीत दार लावून करायला हरकत नव्हती. गडी ते गावात, भर दुपारी, माळवदावर करायला लागला. कानाला वॉकमन, त्यामुळं बाहेर आवाज काहीच नाही. दिवस नवरात्राचे. शेजारच्या काकू वाळवण पाहायला त्यांच्या माळवदावर आल्या आणि त्यांना दिसलं ते असं, की पोरगं डोळे मिटून, केस मोकळे सोडून, गदागदा घुमतंय. त्वरितादेवीच्या पायथ्याशी जन्म गेलेल्या बाईला यात न समजण्यासारखं काही नव्हतं. त्या खाली गेल्या, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आमच्या जेम्याच्या माळवदावर चढल्या, त्याच्या कपाळाला मळवट भरला आणि हात जोडून विचारलं, “आई, म्हैस दोन वर्सं झाली फळंना. यंदा फळंल का?”

जेम्याच्या कानात त्या वेळी गाण्याचा जोरकस भाग चालू होता. त्यानं मान हलवली. एकदा नाही, पुढची तीन मिनिटं हलवली.

म्हैस त्या वर्षी गाभण राहिली. हा निव्वळ योगायोग आहे असं मी काकूंना आजही सांगू शकत नाही. पुढच्या मंगळवारी जेम्याच्या दारात चार बाया नारळ घेऊन उभ्या. त्यातल्या एकीचा प्रश्न मुलाच्या पोलीस भरतीचा होता. जेम्याच्या वडिलांनी, आण्णांनी, सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि रात्री मुलाला जवळ बसवून शांतपणे विचारलं, “तुला नेमकं काय व्हायलंय?” जेम्यानं सांगितलं, हे संगीत आहे, साता समुद्रापलीकडं लाखो लोक असंच करतात. आपल्या महाराष्ट्राचाही या संगीताशी संबंध आहे, क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, १९५८ साली तिथंच त्यानं पोरांचा पहिला बँड काढला. आण्णांनी ऐकून घेतलं. “पाचगणीला शिकून त्यानं ह्ये केलं,” ते म्हणाले, “तुला तर म्या औरंगाबादला घातलाय.”

आईचा आक्षेप टी-शर्टवर होता. औरंगपुऱ्यातून आणलेला काळा टी-शर्ट, छातीवर भली मोठी कवटी. काळा रंग बीड जिल्ह्यात संक्रांतीपुरता खपवून घेतात. मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडून बसलेला असताना, काळं घालून एसटी स्टँडवर उभं राहायला भक्तीच लागते. आईनं त्याला एकदाही घालू नको म्हटलं नाही. ती फक्त धुऊन झाल्यावर तो टी-शर्ट कपाटात न ठेवता कोठ्यात, फवारणीच्या औषधांच्या डब्यांशेजारी ठेवायची. जहाल औषधाच्या डब्यावर लाल खुणेत कवटी असते, म्हणजे ह्याची जागा तीच. कितीही वेळा तिथून काढला तरी तो परत तिथंच जायचा. शेवटी आईचं खरं झालं. आज तोच टी-शर्ट जेम्याचा फवारणीचा शर्ट आहे. कवटीचा रंग उडाला, दात तेवढे राहिलेत.

कीर्तनाचं काय सांगावं! नवा भक्त कीर्तनाला बसला की श्रोत्यांची दया येते. जेम्या रोज संध्याकाळी पारावर गाण्यांचे अर्थ सांगायचा. एक गाणं युद्धात हात, पाय, डोळे, वाचा सगळं गमावून दवाखान्यात पडलेल्या सैनिकाचं आहे. जेम्यानं ते असं रंगवून सांगितलं की म्हातारी माणसं गलबलली. एकानं धोतरानं डोळे पुसले आणि विचारलं, “पेन्शन बसली का त्याला?” जेम्या म्हणाला, गाण्यात तसं काही नाही. “मग काय गाणं लिव्हलंय,” म्हातारा चिडला, “मुद्द्याचं सोडून?” मग जेम्यानं प्रत्यक्ष गाणं लावलं. सुरुवात संथ आहे, तोवर मंडळी बसली. पुढं बंदुकीसारखा ड्रम सुरू झाला तसा पार रिकामा झाला.

एका विषयावर मात्र त्याला गावात हवे तसे श्रोते मिळाले. १९८३ साली मेटॅलिकानं आपला गिटारवादक डेव्ह मस्टेनला न्यूयॉर्कमध्ये सकाळी सकाळी उठवून बँडमधून काढलं आणि कॅलिफोर्नियाच्या बसमध्ये बसवून दिलं. चार दिवसांचा प्रवास. त्यानं जाऊन मेगाडेथ नावाचा स्वतःचा बँड काढला आणि मग जगभरातल्या भक्तांमध्ये दोन गट पडले. बीड जिल्ह्याच्या माणसाला फूट समजावून सांगावी लागत नाही. पारानं लगेच बारकावे विचारले. कार्यकर्ते कुणाकडं गेले, निशाणी कुणाकडं राहिली, पुढं दोघांची दिलजमाई झाली का. २०१० साली दोन्ही बँड एका स्टेजवर आले हे कळल्यावर एक माजी सरपंच म्हणाले, “येणारच. निवडणूक असंल.”

मग १९९६ उजाडलं. अलाहाबादहून १९९३ पासून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ नावाचं मासिक निघायचं. होस्टेलवर त्याचा एखादा अंक दहा हातांतून फिरून, पानं सुटलेल्या अवस्थेत पोचायचा. त्या जूनमध्ये मेटॅलिकाचा ‘लोड’ आला आणि फोटोत चौघांनीही केस कापलेले. त्यातल्या किर्क हॅमेटनं तर डोळ्यांत काजळ घातलेलं. जेम्या त्या दिवशी मेसमध्ये जेवायला गेला नाही. आठवडाभर तो कुणी गेल्यासारखा वावरत होता. “विकले गेले,” एवढंच म्हणायचा. कुणाला, कितीला, हे त्याला सांगता येत नसे, पण आवाज असा की गहाण पडलेलं शेत ह्याचंच आहे.

इथं मला माझं मत घालायचं आहे. दगडाच्या देवाची एक मोठी सोय असते. तो वयात येत नाही, लग्न करत नाही, नवीन अल्बम काढत नाही. आपण दहा वर्षांनी टेकडी चढून गेलो तरी शेंदूर तिथंच असतो. चालत्या-बोलत्या देवाचा भरवसा नाही, आणि भक्ताला नेमकं तेच सोसत नाही. स्वतः तो बदलतच असतो, पण त्याचं त्याला काही वाटत नाही. जेम्याचंच बघा. डिप्लोमा झाला, गावी आला, आण्णांनी दुकान टाकून दिलं आणि पाटोद्याकडची सोयरीक चालून आली. पोरगी बघायला जायच्या आदल्या संध्याकाळी जेम्या गावच्या कटिंगच्या दुकानात जाऊन बसला. मी सोबत होतो. खांद्याखालचे केस फरशीवर पडत होते आणि कारागीर अधूनमधून विचारत होता, “अजून बारीक?” जेम्या म्हणाला, “कर.” येताना मी विचारलं, जेम्सनं कापले तेव्हा तू दोन वेळचं जेवण सोडलंस, आज काय? तो म्हणाला, “त्याला काय कमी होतं कापायला? आपली परिस्थिती येगळी.” म्हणजे जेम्सनं कापले ती गद्दारी आणि जेम्यानं कापले तो संसार.

दास्यभक्तीची कसोटी २००० साली लागली. नॅपस्टर नावाच्या सोयीवरून लोक एकमेकांची गाणी फुकट उतरवून घेत होते. मेटॅलिकानं एप्रिलमध्ये कोर्टात दावा ठोकला आणि मे महिन्यात लार्स उलरिक तीन लाखांहून जास्त वापरकर्त्यांच्या नावांची यादी, खोक्यांत भरून, नॅपस्टरच्या कचेरीत घेऊन गेला. जेम्या पेटला. देव भक्तांची यादी करतो म्हणजे काय! दुकानात खत घ्यायला आलेल्या माणसाला युरियाचा भाव सांगायच्या आधी तो लार्सचा उद्धार करायचा. आता यातली गंमत अशी, की तोवर जेम्यानं मेटॅलिकाला एक रुपयाही दिलेला नव्हता. सगळ्या कॅसेटा कॉपी केलेल्या. शिवाय त्याच्याकडं कॉम्प्युटर नव्हता. गेवराईच्या सायबर कॅफेत फोनच्या तारेवरून एक गाणं निम्मं उतरेपर्यंत लाईट जायची. म्हणजे चोरीही नीट झाली नव्हती. मला तर दाट संशय आहे की त्याचा खरा राग वेगळाच होता. तीन लाख भक्तांची यादी निघाली आणि तीत तलवाड्याचं नाव नव्हतं.

२००३ मध्ये ‘सेंट अँगर’ आला. हा अल्बम ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी इतकंच, की लार्सनं ड्रमखालच्या तारा सैल सोडून दिल्या आणि गिटारचे एकट्यानं वाजवायचे तुकडे सगळेच रद्द केले. जेम्यानं सीडी दुकानात लावली. रस्त्यावरून जाणारा एक शेतकरी आत डोकावला आणि म्हणाला, “तुषारचे पाईप उतरवायलेत का? मला धा लागतेत.” जेम्यानं सीडी बंद केली. ती त्यानं पुन्हा लावली नाही आणि त्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. आधीचा जेम्या असता तर आठवडाभर जेवला नसता. या जेम्यानं पाईप विकले.

पुढच्या वर्षी त्या अल्बमच्या काळावरचा माहितीपट आला, ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’. त्यात मेटॅलिकाची आतली भांडणं सगळी उघडी पडली. ती मिटवायला सुरुवातीला म्हटलेला महिना चाळीस हजार डॉलरचा मानसतज्ज्ञ याच काळातला. हेटफिल्ड दारू सोडून आलेला, आणि आता आपण दुपारी बारा ते चारच काम करणार, त्यापुढं घर आणि लेकरं, अशी त्याची अट. लार्स ह्यावर पाय आपटतो. जेम्यानं हा माहितीपट बायकोसोबत पाहिला. चालू असताना तिनं दोनच गोष्टी विचारल्या. बारा ते चार म्हणजे हा ग्रामपंचायतीत आहे का, आणि एवढे पैसे देण्यापेक्षा भावकीतल्या दोन थोरांना का बसवलं नाही? आमच्याकडं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ ला आली. चार वर्षं आधी आली असती तर लार्स आणि जेम्सला चावडीवर चहा पाजून, सह्या घेऊन मोकळं केलं असतं. पण जेम्या त्या रात्री वेगळ्याच कारणानं गप्प होता. लेकराला शाळेत सोडण्यावरून त्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं दुकानाच्या वेळांबद्दल नेमकं तेच भांडण चालू होतं. देव आपल्यासारखाच निघाला हा धक्का मोठा असतो. केस कापण्याहून मोठा.

सख्यभक्ती इथून सुरू झाली असं मी धरतो. त्यानंतर जेम्या मेटॅलिकाबद्दल बोलायचा तो सोयऱ्याबद्दल बोलल्यासारखा. चुकतात, पण आपले आहेत.

२०११ ला देव दारात आले. दारात म्हणजे गुडगावला आणि बेंगळूरला. तारखा २८ आणि ३० ऑक्टोबर. जेम्याच्या मनात आधी गुडगाव होतं, कारण पहिल्या दर्शनाचा मान. पण २८ ला भाऊबीज. त्याच्या थोरल्या बहिणीनं फोनवर एकच वाक्य सांगितलं, “ये नको, मग कधीच येऊ नको.” म्हणून बेंगळूर. तिकडं गुडगावात कठडे तुटले, कार्यक्रम रद्द झाला, चिडलेल्या पोरांनी स्टेजवर चढून मोडतोड केली. जेम्या त्या वेळी पाटावर बसून करंजी खात होता. बहिणीच्या ओवाळणीत भावाच्या रक्षणाची ताकद असते यावर त्याचा तेव्हापासून पक्का विश्वास आहे.

पादसेवनात प्रवासही धरायला हवा. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या मार्गावरून बीडला पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे जेम्याची अख्खी भक्ती तिच्या कामाच्या मुदतीत बसते. तो एसटीनं सोलापूरला गेला आणि तिथून उद्यान एक्सप्रेस पकडली. तिकीट काढून ठेवलं होतं होस्टेलवरच्या त्याच पुण्याच्या मित्रानं, जो आता बेंगळूरला कॉम्प्युटरमध्ये होता. पैसे त्यानं आधी मागून घेतले होते.

कार्यक्रम होता त्या पॅलेस ग्राउंडच्या दारावर सुरक्षारक्षकानं जेम्याची पिशवी उघडली. आत आईनं बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. जेम्यानं खूप समजावलं की हे बाहेरचं नाही, घरचं आहे. शेवटी रांगेत उभं राहून त्यानं आणि पुण्याच्या मित्रानं पंधरा धपाटे संपवले आणि एक रक्षकालाही दिला. आत अंधार झाला आणि मेटॅलिका १९८३ पासून कार्यक्रमाआधी लावतं ते एन्नियो मॉरिकोनेचं संगीत सुरू झालं. त्या मंगलाचरणाला हजारो पोरं गळा काढून गायला लागली. जेम्यानं मला हे पुष्कळदा सांगितलंय आणि प्रत्येक वेळी तो इथंच थांबतो. पुढं दोन तास काय झालं याचं त्याचं वर्णन फार त्रोटक आहे. पहिल्या गाण्याला त्यानं जुन्या सवयीनं मान आपटली. दुसऱ्या गाण्यापासून मानेत उसण भरली. उरलेला कार्यक्रम त्यानं मान एका बाजूला धरून पाहिला, आणि त्या बाजूला स्टेज नव्हतं, शेजारच्या पडद्यावर जाहिराती होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, “ओ काका, सरका की जरा!” जेम्याला मराठी ऐकून आनंद झाला. काका कोण, हे कळायला थोडा वेळ लागला.

त्यानंतरची वर्षं नामस्मरणाची. मोबाईलला मेटॅलिकाच्या एका संथ गाण्याची रिंगटोन, तीही अशी, की दोन सूर वाजतात तोवर तो फोन उचलतो, कारण समोर कंपनीचा सेल्समन असतो. गेल्या काही नवरात्रांत तर वेगळंच घडतंय. मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि दहा वाजून गेले की जेम्या दुकानाच्या ओट्यावर येऊन उभा राहतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, वस्तीत रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे, असं तो पोरांना सांगतो. पोरं त्याला मान देतात. म्हणतात, “जेम्याकाका, तुम्हाला म्युझिकमधलं काय कळतंय?” माळवदावर त्याला मळवट भरणाऱ्या काकू आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत. त्या एकट्याच अशा वेळी त्याच्याकडं आदरानं बघतात.

२०२२ च्या पावसाळ्यात त्याची पोरगी, नववीतली, कानात एक बोंडूक घालून दुकानात आली. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ नावाच्या मालिकेत एक केसाळ पोरगा गिटार वाजवतो, ते गाणं तिला सापडलं होतं. “पप्पा, एक नवीन बँड आलाय. ऐका.” गाणं १९८६ चं. तिची आई त्या वेळी पहिलीत होती. मी काउंटरपाशी बसलो होतो आणि मला वाटलं, आता पाराचं कीर्तन पुन्हा सुरू होणार. मस्टेन, केस, नॅपस्टर, सगळं. जेम्यानं दुसरं बोंडूक कानात घातलं आणि चेहरा असा केला की आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. नाटक चांगलं वठलं होतं. फक्त मध्ये लय बदलते त्या जागी, लय बदलायच्या आधीच, त्याची मान हलली. पोरीनं वळून बघितलं. “तुम्हाला कसं कळलं?” जेम्या म्हणाला, “मानेला उसण हाय.”

हेटफिल्डनं ऑगस्ट २०२३ मध्ये साठी गाठली. जेम्यानं हिशोब करून ठेवलाय, अजून काही वर्षांनी त्याला एसटीत ज्येष्ठ नागरिकांचं अर्धं तिकीट लागू होईल, पंच्याहत्तरीला तर पूर्ण फुकट. म्हणजे तलवाड्याला यायचा खर्च नाही, आधार कार्डाचं तेवढं बघावं लागेल. मेटॅलिका पुन्हा भारतात येणार अशी आवई अधूनमधून आमच्या व्हॉट्सॲपवर उठते. मागं ती उठली तेव्हा मी जेम्याचे प्रश्न नीट ऐकले. कुठली गाणी वाजवणार, हा प्रश्न त्यात नव्हता. खुर्च्या असतात का, पार्किंग किती लांब, बाहेरचं खाणं अजून आत नेऊ देत नाहीत का, आणि कापसाच्या वेचणीच्या आधी आहे का नंतर, एवढंच त्याला हवं होतं. आत स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला.

“बेंगळूरला हाय का अहो?”

“अजून काही नक्की नाही,” जेम्या म्हणाला.

“बेंगळूरलाच धरा. जाताना तिरुपती करून घेऊ. आईंचा नवस राहिलाय, आणि तुमच्या केसांचा प्रश्न आता तसाबी उरला नाही.”